डीएनए ओळखणारी यंत्रे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

डीएनएमधील ठरावीक क्रम आपोआप शोधणारी यंत्रे आता तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत आली आहेत. त्यामुळे या महिन्याच्या टपालात त्यांच्याविषयीची पत्रे बरीच होती. त्यांतली निवडक पत्रे थोडक्यात आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : डीएनए 'ओळखणे' आणि 'वाचणे' एकच का? इतकी बारीक अक्षरे यंत्राला दिसतात तरी कशी?
(एक विज्ञान शिक्षक, वसमत)

ही दोन वेगळी कामे आहेत. पोथीत एखादी ओवी आहे की नाही एवढेच पाहणे वेगळे आणि पहिल्या पानापासून सगळी पोथी वाचून काढणे वेगळे. क्षयरोगाचा जंतू आहे का, कापसात अमुक जनुक आहे का, हे पहिल्या प्रकारचे प्रश्न. त्यासाठी साधारण 18 ते 25 अक्षरांचे दोन कृत्रिम तुकडे, म्हणजे प्रायमर, वापरतात. डीएनएच्या चार अक्षरांत ए समोर टी आणि जी समोर सी एवढीच जोडी जमते, म्हणून प्रायमर आपली जागा अचूक धरतो. तिथून पुढे पीसीआरमध्ये, म्हणजे तापवण्या-थंड करण्याच्या फेऱ्यांत, त्या भागाच्या प्रती दर फेरीला दुप्पट होतात.

अक्षर यंत्राला दिसत नाही, त्याचा परिणाम मोजता येतो. रिअल-टाइम पीसीआरमध्ये प्रती वाढतात तसा प्रकाश वाढतो आणि सेन्सर तो टिपतो. अर्धवाहक चिपच्या पद्धतीत नवे अक्षर साखळीला जोडले गेले की एक हायड्रोजन आयन सुटतो आणि चिपवरचा ट्रान्झिस्टर सामूमधला तो बदल पकडतो. असा आयनसंवेदी ट्रान्झिस्टर पीट बर्गवेल्ड यांनी 1970 मध्ये मांडला होता. डीएनए वाचायला तो चाळीस वर्षांनी कामी आला. नॅनोपोर पद्धतीत डीएनएची दोरी प्रथिनाच्या सूक्ष्म छिद्रातून ओढली जाते आणि छिद्रातला विद्युत्प्रवाह कमी-जास्त होतो. त्या चढउतारावरून संगणक अक्षरांचा अंदाज बांधतो. 'एएएएएए' अशी एकाच अक्षराची लांब रांग आली की शेवटच्या दोन्ही पद्धती मोजणीत चुकू शकतात. वर्गात हे जरूर सांगा. यंत्राची मर्यादा कळली की त्याचे तत्त्व पक्के समजते.

प्रश्न : ट्रूनॅट या क्षयरोग तपासणीच्या पीसीआर यंत्रावर उन्हाळ्यात 'इनव्हॅलिड' निकाल जास्त येतात. चूक कुठे शोधावी?
(एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, गेवराई)

आधी 'इनव्हॅलिड'चा अर्थ नीट धरू. प्रत्येक नमुन्यासोबत एक अंतर्गत नियंत्रण डीएनएही त्याच वाटेने जातो. क्षयरोगाचा जंतू सापडला नाही आणि हे नियंत्रणही वाढले नाही, तर प्रक्रियाच झाली नाही असे यंत्र सांगते. तो 'निगेटिव्ह' नव्हे. तसा लिहिला तर रुग्ण उपचाराविना घरी जातो.

बहुतेक वेळा कारण बेडक्यात असते. घट्ट, चिकट बेडका पूर्ण पातळ झाला नाही तर डीएनए काढणीच्या कार्ट्रिजमध्ये (नमुना भरायच्या बंद डबीत) तो अडतो. लिक्विफॅक्शन बफरचे, म्हणजे बेडका पातळ करणाऱ्या द्रवाचे, 2 थेंब टाकून हलवा, 5 ते 10 मिनिटे थांबा. नळी तिरकी केल्यावर द्रव पाण्यासारखा सरकला पाहिजे, धागा धरता कामा नये. मगच त्यातले 0.5 मिलिलिटर लायसिस बफरच्या (पेशी फोडणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत घ्या, पुन्हा 2 थेंब टाका, 3 ते 5 मिनिटे थांबा आणि सगळा द्रव कार्ट्रिजच्या नमुन्याच्या कप्प्यात घाला. घाईच्या ओपीडीत ही मधली मिनिटे गिळली जातात. रक्ताळलेला बेडका किंवा अन्नाचे कण असलेला नमुनाही प्रक्रियेत अडथळा आणतो. म्हणून रुग्णाला आधी साध्या पाण्याने चूळ भरायला सांगा. नुसती लाळ आली असेल तर नमुना पुन्हा घ्या.

दुसरी जागा चिपची, म्हणजे जिच्यावर पीसीआर होतो त्या लहान पट्टीची. काढलेल्या डीएनएचे 6 मायक्रोलिटर वाळवलेल्या रसायनाच्या नळीत टाकून 30 ते 60 सेकंद तसेच राहू द्या. पिपेटने ढवळू नका. द्रव स्वच्छ झाल्यावर त्यातले 6 मायक्रोलिटर चिपच्या खळग्याच्या मध्यभागी सोडा. पिपेटचा दांडा दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबला की बुडबुडा येतो. बुडबुड्याखालचा भाग नीट तापत नाही, शिवाय प्रकाशाच्या मोजणीतही तो आडवा येतो.

आता उन्हाळा. किटवर साठवणीचे तापमान 2 ते 30 अंश लिहिलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या भांडारखोलीत दुपारी 40 अंश सहज ओलांडतात. आकडा पंख्याखालच्या टेबलाचा नको. खोक्याच्या आत थर्मामीटर ठेवून दुपारी तीनला पाहा. चिपचे पाकीट आयत्या वेळी फोडा आणि आतल्या ओलावा शोषणाऱ्या पुडीचा रंग बदललेला असेल तर ती चिप बाजूला काढा. फ्रीजमधून काढलेले पाकीट खोलीच्या तापमानाला येण्याआधी फोडले तर दव धरते. यंत्राला खिडकीचे ऊन किंवा कूलरचा ओला झोत लागू नये.

निकाल इनव्हॅलिड आला की आधी त्याच काढलेल्या डीएनएवर नव्या चिपने पुन्हा चाचणी करा. दुसऱ्यांदाही तसेच झाले तर नवा नमुना घ्या. एका वहीत तारीख, लॉट क्रमांक, खोलीचे तापमान आणि नमुन्याचे रूप लिहीत जा. महिन्याभरात दोष नमुन्याचा, लॉटचा की हाताचा हे वहीच दाखवते.

एक धोक्याची गोष्ट. अनेक लायसिस बफरांमध्ये ग्वानिडिनचे क्षार असतात. अशा कचऱ्यात ब्लीच ओतू नका, विषारी वायू सुटतो. कचऱ्यासाठी किटच्या पत्रकात सांगितलेले जंतुनाशकच वापरा.

प्रश्न : आमच्या पीसीआरमध्ये पाण्याच्या नळीतही सिग्नल येतो. पाण्यात डीएनए आला कुठून?
(संशोधक विद्यार्थिनी, नांदेड)

बहुधा तुमच्याच मागच्या प्रयोगातून. एका रेणूपासून 35 फेऱ्यांत तत्त्वतः 3,400 कोटींहून अधिक प्रती होतात. हे सगळे 25 मायक्रोलिटरमध्ये असते, म्हणजे एका पिकोलिटरच्या तुषारात तेराशेहून जास्त प्रती. नळीचे झाकण उघडताना असे तुषार उडतातच. ते पिपेटच्या दांड्यात, दाराच्या मुठीवर, ॲप्रनच्या बाहीवर बसून राहतात.

सिग्नल कधी येतो ते आधी पाहा. सगळ्या पाण्याच्या नळ्यांत 25 व्या फेरीच्या सुमारास येत असेल तर मास्टर मिक्स (पीसीआरच्या रसायनांचे तयार मिश्रण), प्रायमर किंवा पाणी यांपैकी एखादी बाटलीच दूषित आहे. सगळ्या उघड्या बाटल्या टाका. एकेक बदलून गुन्हेगार शोधण्यात बाटलीच्या किमतीहून जास्त पैसे जातात. एखाद्याच नळीत 37 किंवा 38 व्या फेरीला येत असेल तर तुषार किंवा टिपची चूक समजा. सायबर ग्रीन रंग वापरत असाल तर वितळण-आलेखही (कोणत्या तापमानाला डीएनएच्या दोन दोऱ्या सुटतात ते दाखवणारा) पाहा. शिखर नेहमीच्या तापमानापेक्षा बरेच खाली असेल तर दोन प्रायमर एकमेकांना चिकटून तो सिग्नल आलेला असतो. तिथे बाहेरच्या डीएनएला दोष देता येत नाही.

सफाईसाठी ताजे 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइट पृष्ठभागावर 10 मिनिटे राहू द्या, मग पाण्याने आणि शेवटी 70 टक्के अल्कोहोलने पुसा. नुसत्या अल्कोहोलने डीएनए नष्ट होत नाही. मिश्रण बनवण्याची खोली, नमुना घालण्याची जागा आणि पीसीआरनंतरची खोली वेगळी ठेवा. माणसाची आणि वस्तूंची वाट एकाच दिशेने असू द्या: पीसीआरनंतरच्या खोलीतले पेनसुद्धा उलटे येता कामा नये. जागा एकच असेल तर निदान पिपेटचे दोन संच आणि फिल्टर टिपा घ्या, आणि झालेल्या नळ्या न उघडता पिशवीत बांधून टाका.

प्रश्न : बियाण्यात कोणते जनुक आहे हे पट्टीने कळते का? पाकिटातल्या एका बीची चाचणी निगेटिव्ह आली, म्हणजे बियाणे बनावट समजायचे का?
(कापूस उत्पादक, मानवत)

एका बीवरून ठरवू नका. 475 ग्रॅमच्या पाकिटात आश्रय पिकासाठी (बोंडअळीत प्रतिकार वाढू नये म्हणून लावायच्या साध्या कापसासाठी) 5 ते 10 टक्के बिगर-बीटी बी मुद्दाम मिसळलेले असते. तुमच्या हाती नेमके तेच आले असेल.

पट्टी प्रथिन ओळखते. पानाचा कोवळा तुकडा बफरमध्ये ठेचून पट्टी बुडवली की काही मिनिटांत रेघ उमटते. पीक जुने होते तसे पानातले क्राय1एसी हे बोंडअळी मारणारे बीटी प्रथिन कमी होते, म्हणून बोंडे फुटायच्या सुमारास घेतलेली पट्टी फसवू शकते. पीसीआर जनुकच शोधतो, त्याला पिकाच्या वयाचे वावडे नाही. मात्र कोणते जनुक शोधायला सांगता ते महत्त्वाचे. 35एस हा प्रवर्तक (जनुक चालू करणारा) क्रम सापडला म्हणजे बियाणे बेकायदा तणनाशक-सहनशील आहे, असे होत नाही. कायदेशीर बीटी कापसातही तो असतो. तणनाशक-सहनशीलतेसाठी सीपी4-ईपीएसपीएस जनुकाची चाचणी स्वतंत्र मागा आणि अहवालात ते नाव आहे का ते पाहा.

किती बिया तपासायच्या? 5 टक्के भेसळ 95 टक्के खात्रीने सापडायला किमान 59 बिया लागतात, 1 टक्का भेसळीसाठी 299. तक्रार करायची असेल तर पाकीट, लॉट क्रमांक आणि पावती जपा आणि पंचनाम्यासह नमुना घ्यायला लावा.

प्रश्न : मोसंबीची पाने पिवळी पडली. ग्रीनिंग रोगाची डीएनए चाचणी निगेटिव्ह आली, तरी झाड खालावतेच आहे.
(बागायतदार, अंबड)

ग्रीनिंगचा जिवाणू प्रयोगशाळेत सहजी वाढवता येत नाही, म्हणून डीएनए चाचणीवरच भिस्त असते. पण तो झाडात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. एका फांदीत भरपूर आणि शेजारच्या फांदीत काहीच नाही, असे घडते. चार पाने एकाच बाजूची गेली असतील तर निगेटिव्ह अहवालाचा अर्थ 'त्या पानांत सापडला नाही' एवढाच.

चारही बाजूंच्या, लक्षणे दिसणाऱ्या फांद्यांची 8 ते 10 पक्व पाने देठासह घ्या. चाचणी मधल्या शिरेवर होते. कडक उन्हाळ्यात झाडातले जिवाणूचे प्रमाण घटते, म्हणून पावसाळ्यानंतर किंवा हिवाळ्यात नमुना द्या. पाने कोरड्या कागदात गुंडाळून थंड डब्यात पाठवा. ओली पिशवी उन्हात राहिली तर पाने कुजतात. अहवालात झाडाच्या स्वतःच्या जनुकाचे नियंत्रण पॉझिटिव्ह आले होते का, हे विचारा. ते आले नसेल तर मोसंबीतल्या फिनॉल आणि शर्करांनी पीसीआर अडवला असणार. असा अर्क 10 पट पातळ करून पुन्हा लावला की अडथळा उघड होतो: एरवी सिग्नल साधारण 3.3 फेऱ्या उशिरा यायला हवा, इथे तो लवकर येतो किंवा पहिल्यांदाच दिसतो.

पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा असेल तर आधी जस्ताच्या कमतरतेकडे पाहा. ग्रीनिंगचे डाग दोन बाजूंना विषम असतात. मूळकूज आणि पाण्याचा निचराही तपासा.

प्रश्न : लाइट गेली की पीसीआरची फेरी वाया जाते. घरगुती इन्व्हर्टर चालेल का?
(खासगी प्रयोगशाळा, कळंब)

नको. लाइट जाताना इन्व्हर्टर एक क्षण घेतो आणि तेवढ्यात यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकते. डबल कन्व्हर्जन ऑनलाइन यूपीएस घ्या, त्यात लाइट जाताना क्षणाचाही खंड पडत नाही. यंत्रावर 900 वॉट लिहिले असेल तर दीडपट धरून 2 केव्हीए. सरासरी 400 वॉट आणि 2 तासांची गरज धरली, बॅटरी निम्मीच वापरायची ठरवली, तर साधारण 12 व्होल्टच्या 26 अँपिअर-तासांच्या 6 बॅटऱ्या लागतात.

यूपीएस घेऊनही आलेख दातेरी येत असेल तर अर्थिंग पाहा. यंत्र तापत असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटरवर 3 व्होल्टपेक्षा कमी यायला हवे. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, माती अर्थिंगच्या सळईपासून सुटते आणि रोध वाढतो. फेब्रुवारीपासून खड्ड्यात दर आठवड्याला पाणी घाला.

प्रश्न : पीसीआरशिवाय, थेट विजेवर डीएनए ओळखणारा सेन्सर अंतिम वर्षाच्या प्रकल्पात करायचा आहे. सुरुवात कशी करावी?
(इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

विषय चांगला आहे आणि आटोक्यातला आहे. सोन्याचा छापील इलेक्ट्रोड घ्या. एका टोकाला थायॉल आणि दुसऱ्या टोकाला मेथिलीन ब्लू असलेला एकेरी डीएनए, म्हणजे प्रोब, तयार मागवा. थायॉलचे टोक सोन्याला धरते, मेथिलीन ब्लू इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करते. लक्ष्य डीएनए प्रोबला जुळला की दोरी ताठ होते, मेथिलीन ब्लू सोन्यापासून दुरावते आणि प्रवाह घटतो.

प्रोब 10 मिलिमोलर टीसीईपीमध्ये (थायॉलचे टोक मोकळे करणाऱ्या रसायनात) तासभर अंधारात ठेवा, मग 200 नॅनोमोलरपर्यंत पातळ करून इलेक्ट्रोडवर तासभर. त्यानंतर मर्कॅप्टोहेक्सानॉल 2 मिलिमोलर, रात्रभर. ही पायरी टाळू नका. मोकळ्या सोन्यावर प्रोब आडवा पडून राहतो आणि लक्ष्याला जागाच मिळत नाही.

मोजणी स्क्वेअर वेव्ह व्होल्टामेट्रीने (व्होल्टेज पायऱ्यापायऱ्यांनी बदलत प्रवाह मोजून), सिल्व्हर क्लोराइड संदर्भाला 0 ते उणे 0.5 व्होल्ट, मोठेपणा 25 मिलिव्होल्ट. एलएमपी91000 ही तयार चिप अनेकांना सुचवली जाते, पण तिची बायस पायरी 2.5 व्होल्ट संदर्भावर साधारण 50 मिलिव्होल्टची पडते. या कामाला ती फार जाड. 12 बिटचा डॅक (अंकाचे व्होल्टेज करणारे सर्किट) 3.3 व्होल्टवर 0.8 मिलिव्होल्टची पायरी देतो. त्याच्यासोबत पिकोअँपिअर बायस प्रवाहाचे ऑप-अँप आणि 100 किलोओहमचा रोध लावला की 1 मायक्रोअँपिअरला 0.1 व्होल्ट मिळतो. वारंवारता 50 किंवा 100 हर्ट्झ ठेवू नका, मेन्सचा गुणगुणाट नेमका तिथेच असतो, 80 घ्या. इलेक्ट्रोड बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा सर्किटच्या ग्राउंडला जोडा. फरक लगेच दिसेल.

प्रवाह घटला म्हणजे लक्ष्य सापडले, असे लगेच मानू नका. प्रोब सुटून गेला तरी प्रवाह घटतो. इलेक्ट्रोड शुद्ध पाण्याने धुतल्यावर सिग्नल परत वर आला पाहिजे, आणि न जुळणाऱ्या डीएनएने तो हलता कामा नये. पीसीआरचे उत्पादन वापरणार असाल तर ते दुहेरी असते: 95 अंशांवर 5 मिनिटे तापवून थेट बर्फात ठेवा, नाहीतर ते प्रोबला जुळणारच नाही.

असा सेन्सर साधारण नॅनोमोलर पातळीवर चालतो. 50 मायक्रोलिटरमध्ये 1 नॅनोमोलर म्हणजे सुमारे 3,000 कोटी रेणू. रुग्णाच्या बेडक्यात जंतू कधी काही शेच असतात. त्यामुळे 'पीसीआरविना क्षयरोग निदान' असे शीर्षक देऊ नका. 'कृत्रिम डीएनएवरील सेन्सर' हे खरे शीर्षक आहे, आणि परीक्षकापुढे ते टिकते.

प्रश्न : नाथसागरातील (जायकवाडी धरणातील) मासे ओळखण्यासाठी महाविद्यालयाने मिनआयन हे नॅनोपोर यंत्र घ्यावे का?
(प्राणिशास्त्र विभाग, लातूर)

हातात एकेक मासा असेल तर नको. जात ओळखायला सीओआय जनुकाचा सुमारे 650 अक्षरांचा भाग पुरतो, आणि तेवढे सँगर या एका वेळी एकच तुकडा वाचणाऱ्या पद्धतीने बाहेरून वाचून मिळते. बारकोडिंगचे, म्हणजे अशा छोट्या भागावरून जात ओळखण्याचे, काम छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट केंद्रात चालते, आधी तिथे बोला. पाण्याच्या नमुन्यातला मिसळलेला डीएनए वाचायचा असेल, किंवा विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवायचे असेल, तर मात्र नॅनोपोरचा विचार करा.

यंत्र तळहाताएवढे असते, पण खर्च फ्लो सेलचा, म्हणजे छिद्रे असलेल्या, बदलायच्या भागाचा. त्यात 512 वाहिन्या असतात. डीएनए सेकंदाला सुमारे 400 अक्षरांच्या वेगाने सरकतो आणि प्रवाह सेकंदाला 5,000 वेळा मोजला जातो. फ्लो सेल 2 ते 8 अंशांत ठेवायचा, गोठू द्यायचा नाही. पार्सलमध्ये बर्फाची पिशवी त्याला चिकटून आली असेल तर शंका घ्या. आल्या दिवशीच छिद्रांची तपासणी लावा. मिनआयनच्या फ्लो सेलमध्ये 800 पेक्षा कमी छिद्रे चालू दिसली तर बदली मागता येते, पण ती वॉरंटीच्या मुदतीतच.

नवख्या हातून फ्लो सेल मरतो तो हवेच्या बुडबुड्याने. प्राइमिंगचे (फ्लो सेल द्रवाने भरायचे) तोंड उघडल्यावर पिपेटने आधी 20 ते 30 मायक्रोलिटर मागे ओढा, पिवळसर द्रव टिपेत दिसला की थांबा. मग 800 मायक्रोलिटर द्रव सावकाश सोडा आणि टिपेत शेवटचा थेंब शिल्लक ठेवूनच ती बाहेर काढा. 5 मिनिटांनी स्पॉटऑनचे (नमुना घालायच्या तोंडाचे) झाकण उघडून आणखी 200, आणि शेवटी 75 मायक्रोलिटर लायब्ररी (वाचायला तयार केलेला डीएनए) थेंबाथेंबाने. हे आधी वापरून संपलेल्या फ्लो सेलवर पाण्याने दहा वेळा करून घ्या.

डीएनए किती घालायचा हे नॅनोग्रॅमवर ठरवू नका, रेणूंच्या संख्येवर ठरवा. 10 फेमटोमोल म्हणजे 10,000 अक्षरी तुकड्यांसाठी सुमारे 66 नॅनोग्रॅम, पण 650 अक्षरी सीओआय तुकड्यांसाठी जेमतेम 4. जास्त घातला तर छिद्रे लवकर बंद पडतात. मोजणी क्युबिटने (डीएनएला चिकटणाऱ्या चमकत्या रंगावरून मोजणाऱ्या यंत्राने) करा. नॅनोड्रॉप हे शोषलेल्या अतिनील प्रकाशावरून मोजणारे यंत्र आरएनए आणि सुटे न्यूक्लिओटाइडही डीएनएत धरतो आणि आकडा फुगवतो. शुद्धतेसाठी मात्र नॅनोड्रॉप हवाच: 260 आणि 280 नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणाचे प्रमाण, म्हणजे 260/280, सुमारे 1.8 आणि 260/230 दोनच्या आसपास. दुसरे प्रमाण घसरलेले असेल तर क्षार किंवा फिनॉल राहिले आहे, असा नमुना पुन्हा धुवा. अक्षरे काढायला एनव्हीडियाचे ग्राफिक कार्ड आणि 1 टेराबाइटची एसएसडी असलेला संगणक लागतो. तो यंत्राच्या अंदाजपत्रकात पहिल्याच वर्षी धरा, नाहीतर मोजलेला प्रवाह डिस्कवर पडून राहतो आणि माशाचे नाव काही कळत नाही.